कोनं सांगतलं तुले? शोधनिबंधातल्या संदर्भांविषयी

दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर आमच्या स्टाफरूमच्या टेबलावर प्रोजेक्टांचा ढीग लागतो. तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवरून स्पायरल बाइंडिंग करून आणलेले, वर पारदर्शक प्लास्टिक, आत रंगीत मुखपृष्ठ, मग प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. मी मात्र आधी शेवटचं पान उघडते. तिथे ठळक अक्षरांत 'संदर्भसूची' लिहिलेलं असतं आणि खाली बहुतेक वेळा एवढंच: गूगल, विकिपीडिया, विविध वर्तमानपत्रे, मार्गदर्शक मॅडम.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकवते. ही मुलं कामचुकार नाहीत, हे आधी सांगते. पहिली एसटी धरून येतात, दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जातात, घरचं सगळं आवरून रात्री मोबाइलवर प्रोजेक्ट टाइप करतात. पण संदर्भ कशासाठी द्यायचे हे त्यांना कुणी बसून सांगितलेलंच नसतं. शाळेत दहा-बारा वर्षं गाइडमधलं उत्तर शब्द न चुकवता लिहिलं की पैकीच्या पैकी मिळत आले. तीच हुशारी होती. कॉलेजात आल्यावर एक दिवस आम्ही सांगतो की जसंच्या तसं लिहिणं ही चोरी आहे, त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. नियम एका रात्रीत उलटा झाला, पण का झाला हे सांगायचं राहून गेलं.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. गावातली काही खबर घेऊन कुणी ओसरीवर आलं की ती आधी विचारायची, "कोनं सांगतलं तुले?" नाव कळलं की पुढचा प्रश्न यायचा, "त्यानं सोताच्या डोयानं पाह्यलं का?" आणि मग, "कवा?" या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ती त्या खबरीवर काही बोलायची नाही. शोधनिबंधात आपण लेखकाचं नाव, साल, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहितो, ती याच तीन प्रश्नांची लेखी उत्तरं आहेत. कोण म्हणालं, त्याला कसं ठाऊक, आणि केव्हाची गोष्ट आहे. वाचणाऱ्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागू नये, त्याला स्वतः जाऊन पाहता यावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

हा रिवाज साहेबाकडून आला, असं मुलांना वाटतं. मग मी त्यांना अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला नेते, निदान शब्दांनी तरी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट या विद्वानाने महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांचं बोलणं कानांनी ऐकलं होतं, अशा माणसांकडून त्याने एकेक लीळा मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. लीळाचरित्र उभं राहिलं ते असं. पुढे मूळ पोथी हातची गेली आणि लीळा पुन्हा आठवून लिहाव्या लागल्या, असं परंपरा सांगते. साहजिकच एकीला एक आठवे, दुसऱ्याला दुसरं. तेव्हा महानुभावांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. सगळ्यांचं मिळून एकच गोड कथानक त्यांनी केलं नाही. पाठभेदाला ते 'वासना' म्हणतात, आणि ही वासना हिराइसेची, ही रामेश्वरबासाची, ही परशरामबासाची, अशी ती नावानिशी नोंदलेली पोथ्यांत सापडते. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत, कोण काय म्हणालं हे वेगवेगळं ठेवायची शिस्त होती. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथल्या पहिल्या तासाला हे सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

विषय नको, प्रश्न हवा

बी.ए.ची एक विद्यार्थिनी माझ्याकडे विषय घेऊन आली होती: 'विदर्भातील शेतकरी आत्महत्या: कारणे व उपाय'. विदर्भात ११ जिल्हे. तीन महिन्यांत पंचवीस पानांमध्ये त्यांचं काय होणार? असा विषय घेतला की नेटवरचं उचलण्यावाचून मुलांपुढे दुसरा रस्ताच उरत नाही, कारण एवढ्या मोठ्या विषयावर स्वतःचं म्हणून त्यांच्याकडे काही नसतं. कॉपी-पेस्टचं मूळ पुष्कळदा विषयाच्या आकारातच असतं.

मी तिला विचारलं, तुला यातलं नेमकं काय खुपतं? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, माह्या काकाची केस अपात्र केली. काऊन केली, थे समजून घ्याचं हाय."

आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी मदतीची ती केस. काका दुसऱ्याचं वावर मक्त्याने करायचे. सातबारा मालकाच्या नावाचा. बँकेचं कर्ज मिळालं नव्हतं म्हणून गावातल्याच एकाकडून व्याजाने पैसे उचललेले, त्याचा कागद नाही. तिचं दुःख तिच्याजवळ होतंच, पण त्यात एक नेमका प्रश्नही दडलेला होता: शेती कसणारा, पण सातबारावर नाव नसलेला माणूस सरकारी मोजणीत कुठे बसतो? हा प्रश्न पंचवीस पानांत मावतो आणि त्याचं उत्तर शोधावं लागतं. आम्ही विषय तोच केला.

एकाच गोष्टीचे तीन आकडे

पंधरा दिवसांनी ती वैतागून आली. एकाच वर्षाचे, एकाच जिल्ह्याचे आकडे जमत नव्हते. विभागीय आयुक्त कार्यालयाकडचा आकडा वेगळा, वर्तमानपत्रातला वेगळा आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, अहवालाची तर रचनाच निराळी. "यातला खरा कोन्ता?" असं तिने विचारलं, आणि माझ्या मते संशोधन तिथून सुरू झालं.

आकडा आभाळातून पडत नाही. तो कुणीतरी, कशासाठी तरी मोजलेला असतो. एनसीआरबी पोलीस ठाण्यांतल्या नोंदींवरून देशभरातले अपघाती मृत्यू आणि आत्महत्या मोजते. तिथे माणूस कोणत्या रकान्यात जाईल हे त्याचा व्यवसाय काय लिहिला गेला यावर ठरतं. शिवाय २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर हे रकाने वेगळे दाखवले जातात. त्यामुळे २०१३ चा आकडा आणि २०१४ चा आकडा शेजारी मांडून 'आत्महत्या घटल्या' असं लिहिलं तर ते चुकीचं ठरू शकतं, कारण मधे मोजपट्टीच बदलली.

महसूल खात्याची, म्हणजे विभागीय आयुक्त कार्यालयाकडची, मोजणी वेगळ्याच कामासाठी असते. कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत द्यायची की नाही हे जिल्हा समितीला ठरवायचं असतं. म्हणून तिथे कुटुंबाच्या नावे जमीन आहे का, बँकेचं, सहकारी सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहिलं जातं आणि प्रकरणं पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित अशा तीन रकान्यांत टाकली जातात. वर्तमानपत्रवाला कधी तिन्हींची बेरीज छापतो, कधी फक्त पात्र. कुणीच खोटं बोलत नसतं, तरी आकडे तीन होतात.

आता काका कुठे बसले? पोलिसांच्या कागदावर व्यवसाय 'मजुरी' लिहिला असेल तर शेतमजूर. महसुलाच्या कागदावर अपात्र. जिच्या नावावर वावर नाही, पण जिने जन्मभर निंदण-वेचणी केली, त्या बाईचंही असंच होतं. त्या मुलीच्या निबंधाचं सगळ्यात सशक्त प्रकरण या तीन रकान्यांवर उभं राहिलं. एकच संदर्भ घेऊन ती थांबली असती तर ते तिला दिसलंच नसतं.

म्हणून मुलांना मी सांगते की दोन संदर्भ एकमेकांशी जुळत नसतील तर घाबरू नका, त्यांतला एक गुपचूप खोडूही नका. का जुळत नाहीत हे शोधा. कापसाच्या भावाचंच घ्या. 'कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये' हे वाक्य अर्धंच आहे. २०२४-२५ च्या हंगामात तो लांब धाग्याचा भाव होता, मध्यम धाग्याचा ७,१२१ होता, आणि दोन्ही क्विंटलचे. बाजार समितीत त्या दिवशी काय मिळालं ही आणखी वेगळी गोष्ट. किंवा यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आहे, असं मुलं बिनधास्त लिहितात. ती २०११ च्या जनगणनेतली आहे. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली, आणि म्हणून ते साल लिहिणं आणखीच गरजेचं झालं.

खेड्यात बसून साधनं कुठून आणायची

"मॅडम, आमच्याकडे काहीच भेटत नाही" ही तक्रार निम्मी खरी आहे. नागपूर-अमरावतीसारखी ग्रंथालयं आपल्याकडे नाहीत. पण जे आहे तेही आपण वापरत नाही.

पहिलं म्हणजे शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट वाचायला मिळतात, त्यात आपल्या अमरावती आणि नागपूर विद्यापीठांचेही. प्रबंध आख्खा वाचायची गरज नाही. त्याचं दुसरं प्रकरण बहुधा 'पूर्वसंशोधनाचा आढावा' असतं. तुमच्या विषयावर आधी कोण काय म्हणालं याची तयार वाट तिथे सापडते. दुसरं, एन-लिस्ट. ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वाचायला देणारी त्याच केंद्राची ही योजना आहे आणि कॉलेज सभासद असेल तर विद्यार्थ्यालाही लॉगिन मिळतं. ग्रंथपालांना जाऊन विचारा. आमच्याकडे वर्षानुवर्षं ते कुणी मागितलंच नव्हतं.

जिल्ह्याची माहिती हवी असेल तर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' पाहा. पेरणीचं क्षेत्र, शाळा, सिंचन, पशुधन, सगळं तालुक्यावार असतं. जुन्या काळाचं काही हवं असेल तर गॅझेटियर आहेत. यवतमाळचं १९०८ चं गॅझेटियर इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलं. ते वाचताना लिहिणारा कोण होता आणि कुणासाठी लिहीत होता हे डोक्यात ठेवायचं, एवढंच. पिकांवर लिहायचं असेल तर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांची प्रकाशनं आहेत. आणि एखादा आकडा कुठेच सापडत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा तुमच्याही हातात आहे. दहा रुपयांचं शुल्क, एकाच विषयाचा अर्ज, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांच्या आत, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून अर्ज पहिल्या महिन्यातच टाकायचा, शेवटच्या नाही. त्या मुलीने अपात्र प्रकरणांची कारणनिहाय माहिती अशीच मागवली होती.

विकिपीडियाचं काय? वाचा, खुशाल वाचा. मात्र तिथलं वाक्य उचलण्याऐवजी त्या वाक्याला लावलेली तळटीप उघडा, मूळ लेख गाठा, आणि तो स्वतः वाचून त्याचा संदर्भ द्या.

स्वतः वाचून, हे दोन शब्द मी वर्गात दोनदा म्हणते, आणि मग पालकाची गोष्ट सांगते. पालकात लोह खूप असतं ही समजूत दशांश चिन्हाच्या चुकीमुळे पसरली, असं १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात हॅम्ब्लिन यांनी लिहिलं. त्यासाठी आधार कुठलाच दिला नव्हता. गोष्ट इतकी झकास की पुढे कित्येक लेखकांनी ती वापरली, आणि गंमत म्हणजे संदर्भ नीट तपासावेत हे पटवून देण्यासाठीच वापरली. २०१० मध्ये सटन यांनी मूळ शोधायला घेतलं तेव्हा त्या दशांश चिन्हाच्या चुकीचा पुरावा काही सापडेना. २०१४ मध्ये रेकडाल या नॉर्वेच्या अभ्यासकाने या सगळ्या साखळीवरच लेख लिहिला. एकाने दुसऱ्याचं वाचलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, मूळ कागद मात्र कुणीच उघडला नाही. तुम्हाला मूळ ग्रंथ मिळालाच नाही तर तसं लिहायला हरकत नाही: अमुक लेखकाचं हे मत तमुक पुस्तकात उद्धृत केलेलं आहे, आणि मी ते तमुक पुस्तकातून घेतलं. न वाचलेलं वाचलं म्हणून दाखवणं तेवढं नको.

वहीतच चोरी थांबते

बहुतेक वाङ्मयचौर्य जाणूनबुजून होत नाही, टिपणं काढताना होतं. मुलं ग्रंथालयात पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढतात आणि महिन्याने ती पानं कुठल्या पुस्तकातली हेच आठवत नाही. एम.ए.ला असताना मी स्वतः एका जुन्या अहवालातला आकडा वहीत उतरवला होता, पान क्रमांक न घालता. निबंध पूर्ण होत आला तेव्हा तो आकडा पुन्हा सापडेना. त्यावर आख्खा मुद्दा उभा होता. शेवटी तीन पानं काढून टाकावी लागली, आणि ती तशीच काढायला हवी होती.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. पुस्तक हातात आलं की पहिला फोटो मुखपृष्ठाचा आणि दुसरा आतल्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा. प्रकाशक, साल, कितवी आवृत्ती हे तिथेच असतं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरकही तिथेच कळतो. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात तोच पुन्हा छापलेला असतो. मग वहीत टिपण लिहायच्या आधी डाव्या समासात पान क्रमांक. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले तर लगेच अवतरणचिन्हं, त्याच क्षणी, नंतर नाही. आणि वाचताना मला जे सुचतं ते वेगळ्या रंगाच्या पेनाने. दोन महिन्यांनी वही उघडली तरी निळं लेखकाचं आणि हिरवं माझं हे एका नजरेत दिसतं. दहा रुपयांचं एक पेन जास्तीचं लागतं.

फळ्यावरची तीन वाक्यं

'स्वतःच्या शब्दांत लिहा' ही सूचना सगळे देतात, ती करायची कशी हे दाखवत नाहीत. मी फळ्यावर करून दाखवते. समजा, एका शेतीविषयक पुस्तिकेत फरदडीबद्दल, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेल्या पुढच्या पिकाबद्दल, असं लिहिलं आहे:

'कपाशीची फरदड घेतल्यामुळे गुलाबी बोंडअळीला दीर्घकाळ खाद्य उपलब्ध होते व तिच्या जीवनक्रमात खंड पडत नाही. त्यामुळे डिसेंबरअखेर पीक काढून टाकणे आवश्यक आहे.'

मुलं काय करतात? 'कापसाची फरदड ठेवल्याने गुलाबी बोंडअळीला बराच काळ अन्न मिळते व तिचे जीवनचक्र तुटत नाही. म्हणून डिसेंबर संपताना शेत मोकळे करणे गरजेचे आहे.' कपाशीचा कापूस झाला, खाद्याचं अन्न झालं. वाक्याची मांडणी, क्रम, विचार, सगळं जागच्या जागी. जुन्या भिंतीला नवा चुना दिला. संदर्भ दिला नाही तर ही सरळ चोरी, आणि दिला तरी हे तुमचं लेखन झालं नाही.

मग मी फळा पुसते. मुलांना पुस्तिका मिटायला लावते, आणि शेजारणीला समजावून सांग म्हणते. ती आपल्या बोलीत सांगते: बोंडं झाडावर राह्यली तं अळीले खायला भेटते, उपटली तं ते उपाशी मरते. म्हणजे समजलं. आता लिही. वर्गात मिळून जे तयार झालं ते साधारण असं होतं:

'डिसेंबरनंतर कपाशी शेतात ठेवू नये, असे ही पुस्तिका सुचवते. अळीचा अन्नपुरवठा तोडणे हा त्यामागचा हेतू आहे. मात्र आमच्या गावातील कोरडवाहू शेतकरी फरदड सोडायला तयार नसतात. रब्बीसाठी पाणी नसल्याने उभ्या झाडाची एखादी वेचणी हेच त्यांचे शेवटचे उत्पन्न असते.'

पहिल्या वाक्यापुढे कंसात लेखकाचं किंवा खात्याचं नाव, साल, पान क्रमांक. गावातल्या शेतकऱ्यांविषयीच्या वाक्यानंतर मी मुलांना अडवते: किती शेतकऱ्यांशी बोललात, कधी बोललात? तेही लिहा, नाहीतर तुमचं वाक्यही ऐकीवच. पण पाहा, संदर्भ इथे वाक्याच्या आत आला, काम करायला लागला. पुस्तिका काहीतरी म्हणते, गाव वेगळं काही सांगतं, आणि त्या दोन्हींच्या मधे उभी राहून मुलगी विचार करते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमच्या भागाचं जे केलं ते या मुलांनी घरात पाहिलंय. अळीवर लिहिणाऱ्या कितीतरी शहरी अभ्यासकांपेक्षा त्यांच्याजवळ सांगण्यासारखं जास्त आहे. उसन्या वाक्यांखाली ते दबून जातं, याचं मला वाईट वाटतं.

शब्दशः अवतरण कधी घ्यायचं? मूळ शब्द बदलले तर अर्थ बिघडत असेल तेव्हा. कायद्याचं कलम, कवितेची ओळ, शासन निर्णयातली 'पात्र' शब्दाची व्याख्या, किंवा एखाद्या बाईचं असं वाक्य, ज्याला प्रमाणभाषेत आणलं की जीवच जातो. बाकी सगळं समजून घेऊन आपल्या भाषेत. आणि यवतमाळ हा कापसाचा जिल्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगायला संदर्भ लागत नाही.

टक्क्यांचा हिशोब

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देताच येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांची नावं ही या मोजणीतून वगळतात. मुलं यातून एकच धडा घेतात: दहाच्या आत बसवायचं. मग शब्द फिरवत बसतात. सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं. दुसऱ्याची आख्खी कल्पना नाव न घेता उचलली तर कदाचित ते पाच टक्केही दाखवणार नाही, तरी ती चोरीच.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल आता प्रत्येक वर्गात विचारतात. एखादी कठीण संकल्पना समजून घ्यायला, इंग्रजी लेखाचा सारांश उमगायला त्याची मदत होते, हे मी मानते. पण त्याला संदर्भ मागू नका. खऱ्यासारखं लेखकाचं नाव, खऱ्यासारखं नियतकालिक, साल आणि पानासकट ते देतं, आणि तसा लेख पुष्कळदा जगात कुठेही नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी असेच त्याने रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. 'कोनं सांगतलं तुले' या प्रश्नाला तिथे उत्तरच नसतं.

संदर्भ लिहिण्याच्या पद्धतींवर मुलं सगळ्यात जास्त घाबरतात आणि खरं तर तिथे घाबरण्यासारखं सगळ्यात कमी आहे. एपीए, एमएलए, शिकागो या पद्धतींत स्वल्पविराम कुठे आणि साल कुठे एवढाच मुख्य फरक. तुमच्या विभागाने जी सांगितली ती घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मराठी यादी आडनावाच्या अकारविल्हे लावा. संतसाहित्याला पान क्रमांकापेक्षा अध्याय आणि ओवी किंवा अभंग क्रमांक द्या, म्हणजे कोणतीही प्रत हातात असली तरी जागा सापडते. संकेतस्थळाचा पत्ता देताना कोणत्या तारखेला पाहिलं ते लिहा, कारण पानं बदलतात आणि नाहीशीही होतात.

आपल्याकडचे सगळ्यात मोठे संदर्भ छापलेले नसतात, हे मात्र कुठलंच पुस्तक नीट सांगत नाही. त्या मुलीच्या निबंधातला मुख्य संदर्भ तिची काकू होती. मुलाखत घेण्याआधी तिने काकूला विचारलं की हे मी लिहिणार आहे, कॉलेजात वाचतील, चालेल का. नाव नको, असं काकू म्हणाली. म्हणून निबंधात 'मुलाखत १: महिला, शेतमजूर' असं आलं, सोबत वय, तालुका आणि तारीख. मूळ नाव आणि टिपणं तिच्या वहीत राहिली, फक्त मी पाहिली. काकूची वाक्यं तिने वऱ्हाडीतच ठेवली, अवतरणचिन्हांत.

टाइप करायला देण्याआधी तो भाग तिने चुलीजवळ बसून काकूला वाचून दाखवला. काकूने शेवटपर्यंत ऐकलं आणि एका जागी हात वर केला. मक्त्याचं वावर तीन वर्षं केलं असं लिहिलं होतं. "तीन नाई बाई, चार. पह्यल्या साली पेरलंच नाई, पाऊसच नोता. पन मक्ता तं भरलाच ना." पोरीने 'तीन' खोडून 'चार' केलं, खाली तळटीप घातली, आणि तळटीपेत दुसऱ्या भेटीची तारीख लिहिली.